पाटी बाबाने लावली

लिफ्टच्या दाराच्या खाचेत साठलेली घाण ब्रशने काढत मी तळमजल्यावर गुडघे टेकून बसलो होतो, तेवढ्यात डाव्या हाताला, मनगटाच्या जरा पुढे, काहीतरी गार आणि ओलं लागलं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंचं कुत्रं होतं. लिफ्ट बंद आहे हे बाईंना दिसत होतं, पण लिफ्ट बंद असली की माणसं जिन्याकडे वळायच्या आधी दोन मिनिटं येऊन उभी राहतातच. आपण नुसतं बघत राहिलो की लिफ्टला लाज वाटेल आणि ती चालू होईल अशी त्यांची समजूत असावी. कुत्र्याने माझा हात सावकाश, नीट हुंगला. मी हात हलवला नाही. त्याचं हुंगून झाल्यावर माझा हात आपोआप वळला, तीन बोटं त्याच्या मानेवर गेली, मनात एक ते पाच मोजून झाले आणि हात मागे आला. "झालं," मी मोठ्याने म्हणालो. "काय झालं?" बाईंनी विचारलं. "काही करत नाही हो तो. सगळ्यांची चौकशी करत फिरतो." मी हो म्हणालो, आणि ब्रश हातातून सुटून खाचेत पडला. तो उचलायचा कसा हेच मला कळेना. बाई वाकून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी आणू?" मी म्हणालो, धूळ गेली डोळ्यांत. तेवीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यातली धूळ खाल्लेला माणूस हे म्हणत होता, आणि बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला, किंवा तसं दाखवलं.

गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मेन स्विच खाली ओढलेला होता आणि त्याच्यावर माझी लाल पाटी लटकत होती. आमच्या धंद्यात हे सगळ्यात आधी शिकवतात, पाना हातात द्यायच्याही आधी. काम सुरू करताना स्विच पाडायचा, वर लाल पाटी लावायची, आणि ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. इमारतीचा मालक आला तरी त्याने हात लावायचा नाही. मला शिकवणाऱ्या मोठ्या मिस्त्रींच्या उजव्या हाताला अडीच बोटं होती. कुणी शत्रूने केलं नव्हतं ते. एका भल्या माणसाने, मिस्त्रींचं काम आटोपलं असेल, बिचारे परत एवढे जिने कशाला चढतील, म्हणून पाटी काढून स्विच वर केला होता. मिस्त्री ती अडीच बोटं नवीन माणसाच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "हे बघ, माझ्यावर उपकार झाले." मी तेव्हा हसलो होतो. नंतर मात्र पाटीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. त्या दुपारी मी पाटी काढली, स्विच वर केला, लिफ्ट दोनदा वरखाली फिरवून बघितली आणि ऑफिसला कळवलं की मी घरी जातोय. घरी आणखी एक पाटी अकरा दिवस लटकत होती. तीही मीच लावली होती.

आमच्या मुलीला आम्ही घरात सुपरवायझरबाई म्हणतो. नऊ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे हे ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दिवशी घरी येताना मी आणि बायको दोघंही चुकीच्या बसमध्ये चढलो. बाईंच्या राज्यात एकदा ठरलं की ठरलं. चपला एका ओळीत, पडदा खिडकीच्या निम्म्यावर. लिफ्टचं बटण बाकीची मुलं दहादा दाबतात. आमच्या बाई एकदाच दाबतात आणि उभ्या राहतात. लिफ्टवर इतका भरवसा ठेवणारं दुसरं माणूस मी बघितलेलं नाही, मी स्वतःही तेवढा ठेवत नाही. तिला मऊ गोष्टींची फार ओढ. सहा वर्षांची असताना खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे ससा होता. मी त्यांच्या दारात उभा राहून गप्पा मारत होतो, आणि आत हिने तो ससा उचलून छातीशी धरला आणि प्रेम केलं, तिला येतं तसं, होता नव्हता तेवढा जोर लावून. तिला स्वतःला तसंच लागायचं. बेचैन झाली की म्हणायची, "दाब," मग आम्ही दोघं दोन बाजूंनी उशा लावून तिला घट्ट दाबून धरायचो आणि ती शांत व्हायची. आपल्याला ज्यात सुख तेच तिने सशाला दिलं. दुसऱ्या दिवशी ससा गेला. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी दिवस ही त्यांच्या दारासमोर थांबून विचारायची, "मऊ कुठे?" आणि मी तिचा हात धरून पुढे ओढायचो. तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

थेरपीच्या बाई म्हणाल्या, "प्राण्यांपासून तोडू नका तिला. पद्धत शिकवा. छोट्या छोट्या पायऱ्या करा, चित्रं काढा, आणि प्राण्यालाही नाही म्हणायची जागा ठेवा." पद्धत म्हटल्यावर माझ्या अंगात वारंच शिरलं. मशीनरूममध्ये लावतो तसा तक्ता मी घरी केला. थांब. बस. उलटा हात पुढे कर. वाट बघ. त्याने वास घेतला तर तीन बोटं, मानेवर, पाच आकडे. हात मागे. झालं. तोंड फिरवलं तर तो नाही म्हणाला, हात मागे. सराव आधी उशीवर केला, आणि उशी कधीच नाही म्हणत नाही हे लक्षात आल्यावर मी स्वतः कुत्रा झालो. रोज संध्याकाळी जेवणाआधी मी जमिनीवर आडवा पडायचो. ती उलटा हात पुढे करायची, मी कधी हुंगायचो, कधी तोंड फिरवायचो. तोंड फिरवलं की पहिल्या पहिल्यांदा ती माझे केस धरून ओढायची. दोन महिन्यांनी एकदा मी तोंड फिरवलं तर तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "नाही म्हणाला." मला इतका आनंद झाला की मी तिथेच लोळलो. बायको नेमकी तेव्हाच कामावरून आली, दारात पर्स घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता जरा भुंकून दाखव, म्हणजे शेजाऱ्यांचीही खात्री पटेल."

मग म्हातारबा आला. माझ्या एका इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका मुलाकडे राहायला गेल्या आणि तिथे कुत्रा चालत नव्हता, म्हणून तो आमच्याकडे. बारा वर्षांचा, तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय आखडलेले, आणि स्वभावाने एखाद्या जुन्या हेडक्लार्कसारखा, कशाचीच घाई नाही. नाव त्याला वेगळं होतं, पण बायकोने त्याला बघितल्या बघितल्या म्हातारबा म्हटलं आणि तो तेच नाव लावून राहिला. कोपऱ्यात त्याची गादी घातली, गादीपुढे हातभर अंतरावर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली, आणि वर भिंतीत एक खिळा ठोकला. तो जेवत असला, झोपला असला किंवा त्याचं दुखत असलं की खिळ्यावर लाल पाटी. पाटी असली की पट्टीच्या आत जायचं नाही, हातही न्यायचा नाही. पाटी मी कामावरूनच आणली होती, जुनी, पत्र्याची, कोपरे झिजलेली, "हात लावू नये" एवढंच लिहिलेली. आणि तिच्याबरोबर नियमही घरी आणला. ज्याने लावली त्यानेच काढायची. तिला तो नियम पहिल्याच दिवशी पटला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी तिच्या भाषेत बोललं असावं अशी तिने मान डोलावली.

थेरपीच्या बाईंनी पाटी बघितली, कौतुक केलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "आता नियम कधी मोडायचा तेही शिकवा. तिला ते आपोआप सुचणार नाही. तोही एक नियमच करून द्या." मी म्हणालो, "हो, बघतो." बघितलं नाही. पाटीचा नियम मोडायचा हे सांगायला माझीच जीभ वळत नव्हती. डोळ्यांसमोर मिस्त्रींची बोटं यायची, आणि ससा यायचा. आज नको, पुढच्या महिन्यात शिकवू, असं दीड वर्ष चाललं. आता त्या नियमाचे मी मनात शंभर तक्ते करतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण ते दीड वर्ष! कुणी विचारलं की घरात सुख होतं ते कधी, तर मी तेवढंच दाखवीन. रोज शाळेतून आली की ती पट्टीशी बसायची, हात उलटा करायची, आणि म्हातारबा सगळे पाय एकेक करून गोळा करत उठायचा नि नाक आणून तिच्या हाताला लावायचा. तीन बोटं, पाच आकडे, झालं. पुन्हा हात, पुन्हा नाक. एका रविवारी त्याने तिच्या हाताकडे दुर्लक्ष केलं, पट्टी ओलांडली आणि सरळ तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटले. ती ताठ झाली. मान न वळवता मला म्हणाली, "बाबा, ही पायरी नाहीये." मी म्हणालो, "ही त्याची पायरी आहे." मग ती चाळीस मिनिटं पाय न हलवता बसली. उठली तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, धड उभं राहता येईना, आणि ती भिंतीला धरून मोठमोठ्याने हसत सुटली. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिने गॅस बंद केला, नाहीतर सगळं करपलं असतं.

मग एके दिवशी सकाळी म्हातारबाला उलटी झाली. जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. वय झालंय, किडन्या थकल्यात, आज त्याला शांत पडू द्या, म्हणाले. मी खिळ्यावर पाटी लावली. "म्हातारबा आजारी आहे. आज हात लावायचा नाही," मी सांगितलं. तिने पाटी वाचली आणि मान डोलावली. बायको आधीच कामावर गेली होती, शाळा सुटल्यावर हिला सांभाळणाऱ्या मावशी येणार होत्या, आणि मी मालाच्या एका मोठ्या लिफ्टचा ब्रेक बदलायला गेलो. शाफ्टमध्ये उतरताना फोन वरच्या पेटीत ठेवून जायचं, हाही माझाच नियम. फोन वाजला की लक्ष जातं आणि लक्ष गेलं की माणूस जातो. साडेचार तासांनी वर आलो. मावशींच्या फोनवरून चौदा मिस्ड कॉल होते आणि एक व्हॉइस मेसेज, मुलीचा. आमच्या मुलीने तोपर्यंत आयुष्यात कधी कुणाला फोन केला नव्हता, फोनमधल्या आवाजाने तिचे कान दुखतात. "बाबा. पाटी काढ." मग नुसता श्वास. "बाबा. पाटी काढ." मागून मावशींचा आवाज, "अगं लाव की हात, मी सांगते ना, काही होत नाही." आणि मग हिचा, अगदी स्पष्ट, "पाटी बाबाने लावली."

पुढचं मावशींनी सांगितलं, पदर डोळ्यांना लावून. दुपारी तीनच्या सुमाराला म्हातारबा गादीवरून उठायला लागला. पाय उचलत नव्हते, तर पोटावर सरपटत आला पट्टीपर्यंत. नाक पट्टीवर टेकलं, हिच्या दिशेने, आणि तसाच पडून राहिला. ही समोर बसलेली. "मी म्हटलं, अगं तो तुझ्याकडे आलाय, लाव हात त्याला. तर दोन्ही हात मांड्यांखाली घालून वर बसली, दादा. आपलेच हात दाबून. मी उठून पाटी काढली. तर अशी किंचाळली म्हणून सांगू! माझ्या हातातनं ओढून घेतली आणि परत खिळ्याला लावली. म्हणाली, बाबा काढणार. मग मी फोनावर फोन करत बसले. मी तरी काय करणार, मी एकटी बाई." मावशींचा दोष नव्हता. त्यांनी मिस्त्रींवर उपकार करणाऱ्या त्या भल्या माणसासारखंच केलं होतं, आणि माझ्या मुलीने मला हवं होतं अगदी तसंच वागून दाखवलं होतं. मी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. म्हातारबाचं नाक अजून पट्टीवरच होतं, पण श्वास नुकताच थांबला होता. ती मांड्यांखाली हात घालून बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो विचारत होता." थोड्या वेळाने म्हणाली, "पाटी होती." मी त्याला चादरीत गुंडाळून उचललं आणि बाहेर नेलं. पाटी काढायचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

आणि नंतर ध्यानात आलं तेव्हा काढवेना. अकरा दिवस ती रोज संध्याकाळी पट्टीशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, "पाटी?" मी म्हणायचो, "उद्या." त्या दिवसापासून तिने कुणालाही अंगाला हात लावू दिला नव्हता. बायकोने वेणी घालायला केस धरले तर मागे सरायची. बेचैन व्हायची, गिरक्या घ्यायची, पण "दाब" म्हणायची नाही. उशा पलंगावर तशाच पडून. थेरपीच्या बाई फोनवर म्हणाल्या, "तिच्यासमोर तुम्हीच काढा पाटी. तिच्यासाठी ते काम अजून चालू आहे. जितके दिवस लावाल तितकी ती आत आत जाईल." बायको एका सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "कुत्रा तर गेलाच. आता पोरगी पण घालवणार आहेस का त्या खिळ्यापायी?" तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण पाटी काढायची म्हणजे काम संपलं, तपासून झालं, आता स्विच वर करायला हरकत नाही. मला हरकत होती. पाटी आहे तोवर निदान एवढं तरी होतं की चूक अजून उघडी आहे, अजून कुणी ती बंद करून वर रंग दिलेला नाही. हे मी बायकोला सांगितलं नाही. असलं काही सांगितलं की ती माझ्याकडे अशी बघते की मलाच माझं कीव करण्यासारखं बोलणं ऐकू येतं.

त्या दुपारी लिफ्टच्या कामावरून घरी पोचलो तेव्हा दार मावशींनी उघडलं. "लवकर आलात दादा?" त्यांनी विचारलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चपला घालून निघूनच गेल्या. ती पट्टीशी बसली होती, दप्तर शेजारी, भिंतीला समांतर. गादी मी कुणाला काढू दिली नव्हती. म्हातारबाचे चार पांढरे केस अजून गादीवर होते. मी हात धुतले, पुसले, तिच्यासमोर भिंतीशी गेलो आणि म्हणालो, "पाटी मी लावली होती. मीच काढतोय." खिळ्यावरून पाटी काढताना पत्रा भिंतीला घासून आवाज झाला आणि तिने कान झाकले. मग कानांवरून हात खाली घेतले. "तू बरोबर होतीस," मी म्हणालो. "चुकलो मी."

तिने विचार केला. "म्हातारबा आजारी होता. पाटी बरोबर होती."

"हो."

"मग तू काढायला आला नाहीस."

"नाही आलो."

"झालं," ती म्हणाली. हिशेब बरोबर जुळला तशी. मग तिने पट्टीपलीकडे हात नेला. उलटा, बोटं सैल, रिकाम्या गादीपुढे. आणि वाट बघायला लागली. मला वाटलं थांबवावं, पण कुठल्या तोंडाने थांबवणार. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकला होता, तो वाजून वाजून बंद झाला. तिचा हात तिथेच होता. खांदा दुखायला लागला तशी तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. बटण एकदाच दाबून उभी राहणारी पोर, लिफ्ट येणारच. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "नाही म्हणाला."

मी गादीवर बसलो, पाटी मुठीत तशीच, आणि रडायला लागलो, लहानपणी रडायचो तसा, आवाज काढून. तिच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो. एकदा वाटलं आता ती कान झाकेल, आत पळेल. ती उठली. पट्टीच्या आत आली, माझ्या मुठीतून पाटी ओढून घेतली, एकेक बोट सोडवून, आणि तिची दोरी माझ्या शर्टाच्या वरच्या बटणात अडकवली. दोनदा ओढून बघितली, मी दोर बांधल्यावर ओढून बघतो तशी. "बाबा आजारी आहे," ती म्हणाली. मग पट्टीबाहेर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

मी हात पुढे केला तिच्याकडे. तिने मान हलवली. "लाल आहे."

कुलपात किल्ली फिरली. बायको आत आली, मला गादीवर, गळ्याशी पाटी, नाकाडोळ्यांतून पाणी, असा बघून पर्स टाकून धावली. "आई, थांब," सुपरवायझरबाई म्हणाल्या. "पाटी आहे."

"कुणी लावली?"

"मी."

बायको मधेच थांबली. तिचा हात माझ्या दिशेने निघाला होता, तो तिने परत घेतला आणि पट्टीबाहेर, हिच्या शेजारी खाली बसली. मी दोघींकडे बघत होतो. सरावाला शंभरदा मी याच जागी पडलो होतो, पण तेव्हा तिचे हात माझ्याकडे यायचे. आज ते मांड्यांखाली होते, आणि ते तिथेच राहावेत म्हणून ती एवढा जोर लावत होती की खांदे थरथरत होते, मान ताठ झाली होती, वरच्या ओठावर घाम आला होता. बाहेरून हे दिसत नाही. मला वाटलं होतं नियम पाळणं तिला सोपं जातं. म्हातारबाने शेवटचे अडीच तास हेच बघितलं होतं, आणि त्याला ते कळलं होतं का, हे मला आता कोण सांगणार? मी पोटावर आडवा झालो, पत्रा छातीला टोचला, सरकत सरकत पुढे गेलो, नाक पिवळ्या पट्टीवर टेकलं, आणि ती पाटी कधी काढते याची वाट बघत पडून राहिलो.